चित्र नसलेल्या नायकाचा चेहरा : सीमाभागातील युद्धपट आणि नटनिवडीचा प्रश्न

बीजशब्द : ऐतिहासिक युद्धपट, पात्रयोजना, कोमराम भीम, बाबुराव शेडमाके, गोंड स्मृतिपरंपरा

प्रस्तावना

ऐतिहासिक चित्रपटाची समीक्षा करताना पटकथा, संवाद, वेशभूषा आणि इतिहासाशी केलेली तडजोड यांची चर्चा विस्ताराने होते. नटाची निवड मात्र बहुधा निर्मात्याच्या व्यवहाराचा भाग समजली जाते. अमुक नट मिळाला, त्याच्या तारखा जुळल्या, त्याच्या नावावर पैसा उभा राहिला, एवढ्यावर तो विषय संपतो. समीक्षक फार तर भूमिका ‘शोभली’ किंवा ‘शोभली नाही’ असा शेरा मारतो. वस्तुतः इतिहासाचा अर्थ लावण्याचे बरेचसे काम नटनिवडीतच उरकलेले असते. कोणाला नायक करायचे, कोणाचा आवाज भारदस्त असावा, कोणाच्या डोळ्यांत क्रौर्य दिसावे आणि कोणाला चेहरा नसलेल्या गर्दीत ढकलावे, हे निर्णय पात्रयोजनेच्या टप्प्यावर होतात. संवादलेखक पुढे त्यांना शब्द पुरवतो.

सीमाभागातील लढायांवरील चित्रपटांत ही बाब अधिक ठळक होते. सीमाभागातील लढाई म्हणजे दोन सत्तांच्या कडेला, खिंडीच्या तोंडाशी किंवा जंगलाच्या आडोशाने, थोड्या माणसांनी मोठ्या फौजेशी दिलेली झुंज. अशा लढाईचे कागदपत्र बहुधा जिंकणाऱ्याच्या दप्तरात असतात आणि हरणाऱ्याची बाजू गाण्यांत उरते. चित्रपट या दोहोंमध्ये उभा राहतो आणि गाण्यातल्या माणसाला शरीर देतो.

कोरपना, राजुरा, जिवती या परिसरातील वाचकाला हा प्रश्न परका नाही. राजुरा तालुका १९५६ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्याचा भाग होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो आधी नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. कोरपना तालुका पुढे त्याच राजुऱ्यातून वेगळा झाला. जिवती आणि केरामेरी यांच्यामधील डोंगररांग एकच आहे. तिच्यातील काही गावांवर आजही महाराष्ट्र व तेलंगणा अशी दोन्ही राज्ये हक्क सांगतात आणि तेथील रहिवासी दोन्हीकडे मतदान करतात. १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात मारला गेलेला कोमराम भीम आज शेजारच्या राज्याचा नायक म्हणून ओळखला जातो. तो लढला त्या काळी मात्र राजुरा आणि जोडेघाट निजामाच्या एकाच जिल्ह्यात होते. भीमाची भूमिका कोणी आणि कशी केली, हा प्रश्न म्हणूनच कोरपना परिसराच्या स्वतःच्या इतिहासाचाही आहे.

चित्र असलेला नायक

मराठीतील ऐतिहासिक युद्धपटाला शंभर वर्षांची परंपरा आहे. बाबुराव पेंटर यांचा मूक ‘सिंहगड’ १९२३ चा. त्यात वृद्ध शेलारमामांची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. ऐंशी वर्षांचा म्हणून ख्यात असलेला म्हातारा बावीस वर्षांच्या तरुणाने करावा, यात त्या काळच्या कोल्हापूरच्या चित्रसंस्थेला काही वावगे वाटले नाही. नाटक मंडळीच्या रीतीप्रमाणे रंगभूषा हेच वय आणि रंगभूषा हीच ओळख होती. पेंटर स्वतः चित्रकार होते. नटाचा चेहरा त्यांच्या दृष्टीने रंगवण्याचा पृष्ठभाग होता. पुढे ‘उदयकाल’ (१९३०) मध्ये शांताराम यांनीच तरुण शिवाजी महाराजांची भूमिका केली.

या परंपरेत १९३३ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी वा. सी. बेंद्रे यांनी डच संग्रहातील शिवाजी महाराजांचे चित्र प्रकाशात आणले. तोपर्यंत महाराजांचे म्हणून जे चित्र सर्वत्र लावले जात होते, ते इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच व्यक्तीचे असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. अनेक वर्षे लोकांनी एका वेगळ्याच चेहऱ्याला मुजरा केला होता. एका संशोधकाने दप्तर धुंडाळले आणि चेहरा दुरुस्त केला. चित्रपटाच्या अभ्यासकांनी या घटनेकडे फारसे लक्ष दिलेले नाही. परंतु पुढील प्रत्येक शिवपटाची पात्रयोजना या दुरुस्तीच्या छायेत झाली आहे. बाकदार नाक, कोरीव दाढी, भेदक नजर, अशी एक मोजपट्टी प्रेक्षकाच्या हाती आली. भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) मधील चंद्रकांत मांढरे यांच्यापासून दिग्पाल लांजेकर यांच्या ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) व ‘पावनखिंड’ (२०२२) मधील चिन्मय मांडलेकर यांच्यापर्यंत प्रत्येक नट या मोजपट्टीला लावला गेला. चंद्रकांत हे स्वतः चित्रकार होते, हा योगायोगही लक्षात घेण्यासारखा आहे.

येथे मुद्दा असा की, नट चुकला तरी चित्र शिल्लक राहते. एखाद्या शिवपटातील नट प्रेक्षकाला रुचला नाही तर तो म्हणतो, ‘महाराज असे नव्हते.’ हे म्हणण्याचा आधार त्याच्याजवळ असतो. एकाच दशकात शरद केळकर एका चित्रपटात शिवाजी महाराज (‘तान्हाजी’, २०२०) आणि दुसऱ्यात बाजीप्रभू देशपांडे (‘हर हर महादेव’, २०२२) होतात. अजय पूरकर ‘पावनखिंड’मध्ये बाजीप्रभू आणि ‘सुभेदार’ (२०२३) मध्ये तानाजी मालुसरे होतात. प्रेक्षकाचा गोंधळ होत नाही. खिंडीतला बाजी आणि कड्यावरचा तानाजी त्याच्या मनात आधीच वेगळे आहेत. पाठ्यपुस्तक, पोवाडा, गणेशोत्सवातील देखावा आणि किल्ल्याची सहल यांनी ते वेगळे केलेले आहेत.

या भक्कम आधाराची दुसरी बाजूही आहे. प्रेक्षक नटाकडून केवळ साम्याची अपेक्षा करून थांबत नाही. नटाचे खासगी जीवनही भूमिकेला शोभावे असा त्याचा आग्रह असतो. अपत्याच्या नावावरून झालेल्या टीकेनंतर मांडलेकर यांनी एप्रिल २०२४ मध्ये यापुढे शिवाजी महाराजांची भूमिका न करण्याचे जाहीर केले. सहा वर्षे ज्या नटाला प्रेक्षकांनी त्या रूपात स्वीकारले, त्याला घरच्या बाबीवरून ते रूप उतरवून ठेवावे लागले. एका कुटुंबावर गुदरलेला हा प्रसंग खेदजनक आहे, आणि समीक्षेच्या दृष्टीनेही तो बोलका आहे.

शत्रूच्या पात्रयोजनेबाबत मात्र मराठी-हिंदी युद्धपट फार सैल आहेत. ‘तान्हाजी’मधील उदयभान हा राजपूत किल्लेदार. सैफ अली खान यांनी ही भूमिका ताकदीने केली, यात वाद नाही. परंतु काळी वस्त्रे, विकृत हास्य, जनावरासारखे खाणे या सगळ्यांतून उभा राहतो तो ‘पद्मावत’ (२०१८) मधील खिलजीचा धाकटा भाऊ. मोगलांच्या चाकरीतील राजपूत सरदार हा सतराव्या शतकातील एक गुंतागुंतीचा राजकीय नमुना होता. चित्रपटाने त्याला परक्या राक्षसाच्या साच्यात बसवले. येथे इतिहास बिघडला तो संवादात नव्हे, पात्रयोजनेत आणि वेशभूषेत. उलट ‘शेर शिवराज’ (२०२२) मध्ये अफजलखानासाठी मुकेश ऋषी यांची निवड झाली. खानाच्या धिप्पाड देहाचे वर्णन परंपरेनेच रंगवून सांगितले आहे आणि भेटीच्या प्रसंगाचा सारा ताण दोन देहांच्या आकारातील फरकावर उभा आहे. ती निवड योग्य म्हणावी लागते.

चित्र नसलेला नायक

कोमराम भीमाचे असे काही नाही. त्याचा चेहरा सांगणारे, सर्वांना परिचित असलेले समकालीन चित्र प्रेक्षकाजवळ नाही. त्याचे पुतळे आणि छापील तसबिरी नंतरच्या काळातील आहेत. त्याची स्मृती टिकली ती परधानांच्या गाण्यांत, दंडारीच्या दिवसांत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत आणि जोडेघाटला दरवर्षी जमणाऱ्या लोकांत. ही स्मृती आवाजाची आहे. परधान किंगरीवर एकटाच गातो. राजा, राणी, शत्रू, वाघ सारे त्याच्या एकाच गळ्यातून येतात आणि ऐकणारा प्रत्येक जण आपापल्या मनात चेहरा रचतो. दिवाळीच्या सुमारास मोरपिसांचा मुकुट घालून नाचणाऱ्या गुसाडीचेही तसेच आहे. तो वेष चढला की खालचा माणूस कोणाचा कोण, हे गौण ठरते. वेषधारी देवाचा होतो. ज्या समाजाच्या सादरीकरणात कलावंताने आपला चेहरा बाजूला ठेवायचा असतो, त्या समाजाच्या नायकाला व्यापारी चित्रपट असा नट देतो ज्याचा चेहरा हीच मुख्य विक्रीची वस्तू असते. या विसंगतीचा विचार झाल्याशिवाय भीमावरील चित्रपटांचे मूल्यमापन पुरे होणार नाही.

भीमावर तेलुगूमध्ये अल्लाणी श्रीधर यांनी केलेला ‘कोमराम भीम’ हा चित्रपट १९९० चा. त्यात भूपाल रेड्डी यांनी भीमाची भूमिका केली. पुरस्कार मिळूनही हा चित्रपट सर्वसामान्य प्रेक्षकांसमोर येण्यास २०१० साल उजाडले. म्हणजे वीस वर्षे एक भीम डब्यात बंद होता. पुढे बारा वर्षांनी, २५ मार्च २०२२ रोजी, एस. एस. राजामौली यांचा ‘आरआरआर’ प्रदर्शित झाला आणि ज्युनियर एन. टी. रामाराव यांचा भीम जगभर पोहोचला. २०२३ च्या ऑस्कर सोहळ्यात त्यातील गाण्याला पुरस्कार मिळाला तेव्हा ज्यांनी आदिलाबादचे नावही ऐकले नव्हते अशा लोकांना एक भीम माहीत झाला. तो हाच. भूपाल रेड्डींच्या भीमाशी त्याची तुलना करावी असे कोणालाही सुचले नाही, कारण तुलनेसाठी दुसरा भीम कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हताच.

‘आरआरआर’ हा चरित्रपट असल्याचा दावा त्याच्या कर्त्यांनी केलेला नाही. अल्लुरी सीताराम राजू आणि कोमराम भीम हे दोन लढवय्ये कधी भेटलेच असते तर, अशी ती कल्पना आहे. कल्पनेला आक्षेप घेण्याचे कारण नाही. पाहण्यासारखी गोष्ट ही की, कल्पनेचा आकार नटनिवडीने कसा ठरवला. राम चरण आणि ज्युनियर एन. टी. रामाराव हे तेलुगू चित्रसृष्टीतील दोन बलाढ्य घराण्यांचे वारस. दोघांना समान वजन, समान प्रवेश, समान पराक्रम देणे हा व्यवसायाचा नियम झाला. त्यामुळे एक आग आणि दुसरा पाणी, अशी जोडी तयार झाली. समसमान जोडी रंगवायची तर दोघांनी एकमेकांना काही तरी द्यायला हवे. भीमाने देह दिला, बळ दिले, निष्ठा दिली. मग रामाने काय द्यावे? चित्रपटाच्या अखेरीस भीम रामाकडे अक्षरज्ञान मागतो आणि राम झेंड्यावर ‘जल, जंगल, जमीन’ हे शब्द लिहितो.

चंद्रपूर जिल्ह्यातील वाचकाला येथे थांबावे लागते. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा भीमाच्या नावाने ओळखली जाते. शिवाय भीमाबद्दलच्या परंपरेत असे सांगतात की, जमीनदाराच्या माणसाशी झालेल्या झटापटीनंतर तो पळून चांद्याकडे आला, विठोबा नावाच्या छापखानेवाल्याकडे राहिला आणि तेथे लिहायला-वाचायला शिकला. पुढे आसामच्या चहामळ्यांत राबून तो परतला आणि अर्ज-विनंत्यांचा मार्ग अवलंबून पाहिल्यावरच त्याने शस्त्र उचलले. या कथेतील भीम अक्षरांच्या वाटेने बंडाकडे गेलेला आहे. आणि त्याच्या अक्षरांचा पत्ता चांदा आहे. चित्रपटाने ही अक्षरे त्याच्याकडून काढून घेतली आणि वनवासी नसलेल्या मित्राच्या हातून त्याला परत दिली. राजामौलींच्या मनात दुष्ट हेतू होता असे म्हणण्याचे कारण नाही. दोन ताऱ्यांचा ताळेबंद जुळवताना एका बाजूस शिक्षक लागला, म्हणून दुसऱ्या बाजूस निरक्षर उभा करावा लागला, इतकेच. मात्र ज्या समाजाला शतकभर ‘अडाणी’ म्हणून हिणवले गेले, त्याच्या नायकाच्या बाबतीत हा ताळेबंद फार महागात पडतो.

ज्युनियर एन. टी. रामाराव यांच्या अभिनयाला कमी लेखण्याचा येथे उद्देश नाही. फटक्यांच्या प्रसंगात गुडघे न टेकणारा भीम त्यांनी ज्या ताकदीने उभा केला, त्याला तोड नाही. त्या गाण्यात क्षणभर परधानाच्या गळ्याची आठवण होते. परंतु हा देह व्यायामशाळेत घडवलेला आहे. अर्धपोटी राहून पोडूची शेती करणाऱ्या, वनखात्याने झोपडी जाळलेल्या माणसाचा तो नव्हे. भाषा तेलुगू आहे. गोंडीचा स्वर त्यात हरवला आहे. आणि ज्या जंगलात भीम वाघाशी झुंजतो, ते जंगल चित्रीकरणापुरते बल्गेरियातले होते. पात्रयोजना माणसांचीच होते असे नाही, अरण्याचीही होते. आदिलाबादच्या सागवानाच्या जागी युरोपातील वृक्षांची निवड झाली, हे कोरपनाच्या रहिवाशाला पाहताक्षणी कळते. हैदराबादच्या किंवा मुंबईच्या प्रेक्षकाला ते कळण्याचे कारण नाही.

टोपीचा वाद

ऑक्टोबर २०२० मध्ये चित्रपटाची झलक प्रसिद्ध झाली. तिच्या शेवटी भीम मुसलमानी टोपी घातलेला दिसला आणि वाद उसळला. निजामाच्या राजवटीशी लढलेल्या वीराला ही टोपी घालणे हा अपमान आहे, असे आदिवासी नेत्यांनी म्हटले. आदिलाबादच्या तत्कालीन खासदारांनी चित्रपटगृहांना इशारेही दिले. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर कळले की, भीम दिल्लीत ‘अख्तर’ या नावाने वेषांतर करून राहतो, त्या प्रसंगातील ती टोपी आहे. कथानकाच्या तर्काने पाहता आक्षेपात दम नव्हता. वेषांतर हा गनिमी लढवय्याचा जुना मार्ग आहे. बहिर्जी नाईकाच्या गोष्टी सांगणाऱ्या महाराष्ट्राला ते समजावून सांगण्याची गरज नाही. या वादाला धार्मिक राजकारणाचा रंग चढला हेही खरे.

तरीही ‘प्रेक्षक अडाणी आहे’ असे म्हणून हा वाद निकालात काढणे चुकीचे ठरेल. शिवाजी महाराज आग्र्याहून बैराग्याच्या वेषात निघाले असे दाखवले तर कोणी रागावत नाही, कारण बैराग्यामागचा चेहरा सर्वांना पाठ आहे. भीमाच्या बाबतीत मागचा चेहराच लोकांच्या डोळ्यांसमोर नाही. अशा स्थितीत चित्रपटातील प्रत्येक चौकट तसबिरीचे वजन धारण करते. लोकांना भीती होती ती हीच की, उद्या भिंतीवर लागेल ते हेच चित्र. इब्राहिमखानाच्या चित्राची हकिकत माहीत असलेल्याने या भीतीला हसू नये. तेथे चूक सुधारायला बेंद्रे होते आणि सुधारणेसाठी दप्तरात खरे चित्र होते. येथे सुधारणेसाठी शोधायचे तरी काय?

बाहेरचे दाखले

अन्य देशांतील सीमायुद्धांच्या चित्रपटांनी हा प्रश्न वेगवेगळ्या रीतींनी हाताळला आहे. टेक्सासच्या १८३६ च्या लढाईवरील ‘द अलामो’ (१९६०) मध्ये दिग्दर्शक जॉन वेन स्वतःच डेव्ही क्रॉकेट झाले. मेक्सिकोचा सेनापती सांता आना हा मात्र जवळजवळ मुका राहिला. त्याच विषयावरील २००४ च्या चित्रपटात मेक्सिकन नट एमिलियो एचेव्हारिया यांच्याकडे ती भूमिका गेली आणि समोरच्या छावणीला प्रथमच चेहरा मिळाला. अपाची नेता जेरोनिमो याचे उदाहरण याहून बोलके आहे. १९६२ मध्ये निळ्या डोळ्यांच्या चक कॉनर्स यांनी तो केला, १९९३ मध्ये चेरोकी वंशाच्या वेस स्टुडी यांनी. जेरोनिमोची छायाचित्रे उपलब्ध आहेत, त्यामुळे १९६२ ची निवड आज हास्यास्पद वाटते. छायाचित्रे नसती तर कदाचित निळे डोळेच इतिहास झाले असते.

सर्वांत विलक्षण दाखला ‘झुलू’ (१९६४) या चित्रपटाचा. १८७९ च्या रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईवरील या चित्रपटात झुलू राजा सेत्श्वायो याची भूमिका त्याच्याच पणतूने, मँगोसुथू बुथेलेझी यांनी केली. ते पुढे दक्षिण आफ्रिकेच्या राजकारणातील मोठे नेते झाले. वंशजाने पूर्वजाची भूमिका करावी, याहून ‘अस्सल’ निवड कोणती असेल? तरीही त्या चित्रपटाची दृष्टी सुधारली नाही. कथा इंग्रज शिपायांची आहे, राजा काही क्षणांपुरता येतो आणि हजारो झुलू योद्धे टेकडीवर नावांवाचून उभे राहतात. वंश जुळला म्हणून इतिहास जुळत नाही, हे यातून दिसते. कॅमेरा कोणाच्या बाजूला आहे, हे नटाच्या रक्ताने ठरत नाही.

उलट बाजूचे उदाहरण घरचेच आहे. जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) या चित्रपटात बाबासाहेबांची भूमिका मल्याळी नट मामूट्टी यांनी केली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. बाबासाहेबांची असंख्य छायाचित्रे आणि त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे तेव्हा महाराष्ट्रात होती. त्या कसोटीला उतरून ही भूमिका मान्य झाली. म्हणून ‘गोंडाची भूमिका गोंडानेच करावी’ असा सरसकट नियम करता येत नाही. मामूट्टींच्या यशामागे अभिनयाइतकाच त्या चित्रांचा आणि साक्षीदारांचा धाक होता, हे मात्र विसरता कामा नये. भीमाची भूमिका करणाऱ्याला हा धाक नाही.

नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’ (२०१३) मध्ये सोमनाथ अवघडे या गावातल्या मुलाला निवडले, चैतन्य ताम्हाणे यांनी ‘कोर्ट’ (२०१४) मध्ये नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांना शाहीर केले. हे ऐतिहासिक चित्रपट नव्हेत. तरी जगण्यातून आलेली देहबोली ही अभिनयाइतकीच शिस्तीची गोष्ट आहे, हे त्यांनी मराठी प्रेक्षकाला पटवले. युद्धपटाच्या निर्मात्यांपर्यंत हा धडा अद्याप पोहोचलेला नाही. तेथे स्थानिक माणूस अजूनही भाला धरून मागे उभा असतो.

बाबुराव शेडमाके यांची पात्रयोजना

आता चंद्रपूर-गडचिरोलीच्या स्वतःच्या लढाईकडे वळता येईल. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातील बाबुराव पुलेसूर शेडमाके यांनी १८५८ च्या मार्च महिन्यात राजगड परगणा ताब्यात घेतला. नांदगाव-घोसरी येथे इंग्रजी फौजेशी त्यांची लढाई झाली. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिल रोजी प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथील तारखात्याच्या तळावर हल्ला होऊन गार्टलँड व हॉल हे दोघे मारले गेले. सप्टेंबरमध्ये बाबुराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगाच्या आवारात त्यांना फाशी देण्यात आले. तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. अवघ्या आठ महिन्यांचा हा उठाव युद्धपटाला लागणारे सारे काही पुरवतो : नदी, जंगल, गनिमी हल्ला, फितुरी, फाशी.

यावर मोठा युद्धपट काढायचा झाल्यास पहिली अडचण वयाची येईल. भव्य चित्रपटाचा खर्च पेलणारा नट चाळिशीचा असतो. चाळिशीचा बाबुराव अनुभवी सेनापती वाटेल. पंचवीस वर्षांचा, रायपूरच्या इंग्रजी शाळेत शिकून आलेला, वडिलांच्या जमीनदारीत नुकतेच पाय रोवणारा तरुण वाटणार नाही. बंडाचा अर्थच बदलेल. तरुणाच्या बंडात घाई असते, जिवाची पर्वा नसते, चुकाही असतात. प्रौढ ताऱ्याच्या पटात चुकांना जागा नसते. रायपूरचे शिक्षण पटकथेत टिकेल की ‘आरआरआर’मधील भीमाप्रमाणे गळून पडेल, हेही नट कोण यावर अवलंबून राहील. उघड्या छातीचा ‘जंगलचा राजा’ हवा असेल तर इंग्रजी येणारा गोंड जमीनदार अडचणीचाच.

खरी कसोटी मात्र बाबुरावांच्या भूमिकेत नाही, अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या भूमिकेत आहे. बाबुरावांना पकडण्यात इंग्रजांना त्यांचे साहाय्य झाले आणि त्याबद्दल त्यांना बक्षीसही मिळाले. १८५८ हे साल आणि लक्ष्मीबाई हे नाव एकत्र आले की मराठी प्रेक्षकाच्या मनात झाशी उभी राहते. येथे त्याच नावाची, गोंड समाजातलीच एक स्त्री सत्तेच्या दुसऱ्या बाजूला आहे. रूढ संकेताप्रमाणे निवड झाली तर काजळ रेखलेल्या, कपटी हसणाऱ्या एखाद्या खलनायिकेच्या वाट्याला ही भूमिका येईल. उदयभानाचे झाले तेच तिचे होईल. पण अहेरी ही मोठी जमीनदारी होती; नागपूरचे भोसल्यांचे राज्य चार वर्षांपूर्वीच, १८५४ मध्ये, खालसा झाले होते; कॅप्टन क्रिक्टन यांचा दबाव दारापर्यंत आलेला होता. आपली जमीनदारी, आपली रयत आणि बंडात उतरलेला एक तरुण गोंड जमीनदार यांच्यात निवड करणारी स्त्री दाखवायची तर नायकाच्या तोडीची अभिनेत्री लागेल. तिला संवादांपेक्षा स्तब्धता अधिक द्यावी लागेल. क्रिक्टनसाठी मुंबईच्या स्टुडिओत गोरा नट सहज मिळतो. टॉम आल्टर यांनी आयुष्यभर असे कितीतरी इंग्रज अधिकारी उभे केले. लक्ष्मीबाईंसाठी तयार साचा नाही.

या बाबतीत झाडीपट्टीची रंगभूमी चित्रपटाला काही शिकवू शकते. दिवाळीनंतर मंडईच्या हंगामात वडशाच्या नाटक कंपन्या गावोगावी रात्रभर खेळ करतात. काल ज्या नटाला इतिहासातला वीर म्हणून पाहिले, तोच आज कौटुंबिक नाटकात दारूडा नवरा होतो, आणि पुढच्या गावात तीच वीराची भूमिका दुसरा कोणी करतो. चेहरा कोणालाच चिकटत नाही. परधानाच्या गायकीशी हे नाते जुने आहे. सिनेमा एकदाच छापतो. म्हणून बाबुराव किंवा भीम यांच्यासाठी ‘योग्य नट कोण’ असा प्रश्न विचारण्यापेक्षा भीमाचे आणि बाबुरावांचे किती चित्रपट होतात, हे पाहणे अधिक उपयोगाचे. १९९० च्या भीमाला वीस वर्षे डब्यात राहावे लागले नसते, एखादा भीम गोंडीत, एखादा कोलामांच्या बाजूने आणि एखादा चांद्याच्या छापखान्यातून निघाला असता, तर २०२० मध्ये एका टोपीवरून एवढा कल्लोळ होण्याचे कारण उरले नसते. लोकांनी म्हटले असते, हा एक भीम. आमचे आणखी आहेत.

तोवर लक्ष्मीबाईंच्या भूमिकेचा प्रश्न तसाच राहतो. अहेरीच्या वाड्यात त्या क्षणी कोण होते आणि काय बोलणे झाले, हे इंग्रजी कागदांत एका बाजूने नोंदले गेले आहे आणि गाण्यांत दुसऱ्या बाजूने. तो प्रसंग चित्रित करताना कॅमेरा आधी कोणाच्या चेहऱ्यावर ठेवायचा, हे दिग्दर्शकाला पटकथा लिहिण्यापूर्वीच ठरवावे लागेल.